कुसाबाई हळदीकुंकवात बोलली

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राख उडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पापडांवरसुद्धा. त्यामुळे शेजारची कुसाबाई दिवसभर धूतच असते, याचं आम्हा बायकांना नवल नव्हतं, कौतुकच होतं. अठ्ठ्याण्णव साली महिला मंडळानं तिला स्वच्छ घराचं बक्षीस दिलं. परीक्षक मी होते. अक्कल गहाण टाकली होती माझी, दुसरं काय!

बक्षिसानंतर तिचं धुणं आणखीच वाढलं. शाळेतून आलेल्या लेकीला, वेदिकाला, दारातच उभं करायची आणि तीन-तीनदा अंघोळ करायला लावायची. चौदा वर्षांची पोर, हातांची कातडी फाटून रक्त यायचं. शेवटी शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. तेव्हा कुसाबाईचा नवरा वाल्मीक रजा काढून बायकोला नाशिकला गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, हा मंत्रचळ, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा. आजार आहे, औषधानं आणि सरावानं आटोक्यात येतो. सराव म्हणजे कट्ट्यावरच्या राखेला बोट लावायचं आणि हात न धुता बसून राहायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत ती घामाघूम होऊन रडली. हे मला फार उशिरा कळलं. वाल्मीकभाऊंनी घरात ताकीदच दिली होती, बाहेर बोलायचं नाही. वेडीची पोरगी म्हटल्यावर वेदिकाला कोण करून घेणार?

दोन हजार चार साली वेदिकाला सिन्नरचं स्थळ आलं. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मुलाची आत्या कॉलनीतलीच, तीही आली होती. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "काय कुसाबाई, हल्ली तुमच्या खिडकीत राख दिसते. बक्षीस परत घेऊ का?"

बायका हसल्या. कुसाबाई नाही हसली.

"घ्या, मीनाताई. मला ते आजाराचं बक्षीस मिळालं व्हतं," ती म्हणाली. "हात धुतला तरी धुतल्यासारखा वाटायचा नाय. माझ्या पोरीचे हात मी फाडले. कुणाला असं व्हत असंल तर लपवू नका, डॉक्टरकडं जा. वेड नाय ते."

आत्याबाई तिळगूळ न घेताच उठल्या. चौथ्या दिवशी सिन्नरहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी ती चांगली जुळली होती.

माझं डोकंच फिरलं. चांगलं झापावं म्हणून मी तिच्या घरी गेले. दारात वेदिका होती. तिला म्हटलं, "तुझ्या आईला गप्प बसता येत नव्हतं का? जमलेलं मोडलं ना तुझं."

"मावशी, विषय निघाला तर सांगून टाक, असं मीच म्हटलं होतं आईला," ती म्हणाली. "वाईट वाटतंय मला. दोन दिवस जेवले नाही. पण उद्या दुसरं स्थळ आलं तरी आधी हेच सांगू."

मग ती हळूच म्हणाली, "आत्ता आत नका जाऊ. आईकडे कुणी आलंय."

आतून रडण्याचा आवाज येत होता. "गॅस बंद केलाय का, ते वीस-वीस वेळा उठून बघते हो मी. कळतं मला, पण राहवत नाही. सासूबाई म्हणतात, कामचुकार आहेस, नाटकं करतेस."

आवाज माझ्या सुनेचा होता, तृप्तीचा.