नासिरभाईची कालव्यातली बोट

रविवारी सकाळी फोनवर ‘भाई’ हे नाव दिसलं आणि मी तो कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. खलिफा सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी घावन काढत होते, तवा तापला होता, आणि भाईचा फोन म्हणजे बोट, हे दोन वर्षांच्या अनुभवाने मला पाठ झालं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला आणि ओरडलेच, “भाई, यल्ला, काय ते लवकर बोल!” पलीकडे भाई नव्हता. त्याची मुलगी सना होती. माझ्या मराठी प्रश्नांना जन्मभर इंग्रजीतच उत्तरं देत आलेली ही अकरावीतली मुलगी त्या सकाळी मराठीत म्हणाली, “फुफी, अब्बा उठत नाहीत...”

नासिरभाई, माझा थोरला भाऊ, पहाटे फजरची नमाज पढून पुन्हा आडवा झाला आणि झोपेतच गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. शारजातल्या त्याच्या घरी अजून लोक येतात, चांगलं बोलतात. शांत होता, कुणाच्याही अडचणीला धावायचा, कधी आवाज चढवला नाही. सगळं खरं आहे. पण ज्या माणसाने दोन वर्षं माझं डोकं खाल्लं, त्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. मला तर तोच जास्त आठवतो.

रास अल खोरमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात भाई तीस वर्षं होता, शेवटी सुपरवायझर झाला. या तीस वर्षांत त्याची सुट्टी म्हणजे गाव. एका वर्षी घराचा स्लॅब, एका वर्षी माझं लग्न, एका वर्षी अब्बांचं आजारपण. निव्वळ फिरायला म्हणून आमच्या घरातलं कुणी कधी कुठे गेलं नव्हतं. मग त्याचा मुलगा फैजान नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेला आणि तिथून त्याने एक फोटो पाठवला... कालव्यात उभी असलेली लांबुळकी, अरुंद बोट, टपावर फुलांच्या कुंड्या. महिनाभरात भाईने जाहीर केलं की आपण सगळे अशा बोटीत एक आठवडा राहायचं. आपणच चालवायची, त्यातच रांधायचं, त्यातच झोपायचं. भाई, भाभी, फैजान, सना, मी आणि माझा नवरा सलीम. सहा जण.

“चालण्याच्या वेगाने जाते गो,” तो म्हणाला. “काठाने माणूस चालत निघाला तर तो पुढे जाईल.”

“मग चालतच जाऊ या ना,” मी म्हटलं.

मला हसू यायचं कारण वेगळं होतं. भाई आणि पाणी! आमचे अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी. दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे, तेव्हा आम्हा दोघांना होडीत घालून खाडीत न्यायचे. होडी मध्यावर पोचायच्या आत भाई कडेला वाकून ओकत असायचा. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. अब्बा सुकाणू माझ्या हातात द्यायचे आणि भाईकडे बघून म्हणायचे, “हा आपला सुक्यावरचा.” माझं ते चार सुट्ट्या चाललं. पाचव्या वेळी आईने सांगितलं, आता मोठी झालीस, पुरे. मी पायरीवर उभी राहिले आणि अब्बा एकटेच गेले. रडले नाही, एवढं आठवतं. पुढे मीही ते विसरून गेले, निदान मला तसं वाटत होतं. भाईला विचारलं की तुला बोट कशी झेपणार, तर म्हणाला, “कालव्यात लाटा नसतात.” याचीही चौकशी त्याने करून ठेवली होती.

चौकशी हा तर त्याचा छळच होता. बोट भाड्याने देणाऱ्या तिथल्या बाईला तो आठवड्यातून एकदा फोन करायचा. सुक्या बोंबलाचा वास पुढच्या कुटुंबाला येईल का, हेसुद्धा त्याने तिला विचारलं. बोंबील म्हणजे काय हे समजावण्यात वीस मिनिटं गेली असं भाभी कपाळाला हात लावून सांगायची. प्रत्येकाची व्हिसाची फाइल त्याने वेगळ्या रंगाची केली आणि माझ्या फाइलमध्ये सलीमचा फोटो चिकटवला. संडासाची टाकी एक दिवसाआड रिकामी करावी लागते हे कळल्यावर पाळ्या लावल्या. त्यात सलीमचं नाव दोनदा. सलीमने त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. पहिल्या उन्हाळ्यात व्हिसाच्या कागदांत घोळ झाला, दुसऱ्या वेळी भाभीच्या भाचीचं लग्न निघालं. दोन्ही वेळा मला वाटलं, सुटलो. दोन्ही वेळा त्याने नवी तारीख घेतली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने आम्हाला गोदामावर बोलावलं. दीड तास गाडी चालवून पोचलो तर मागच्या आवारात त्याने खडूने बोट आखून ठेवली होती. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सात फुटांना थोडी कमी. इथे चूल, इथे संडास, ही तुमची खाट. डोक्यावर ऊन आणि आम्ही पाच जण खडूच्या रेघांच्या आत एकामागे एक उभे. भाभीने एक पाय रेघेबाहेर टाकला तर हा म्हणतो, “पडलीस पाण्यात.” सना म्हणाली, “अब्बा, धिस इज लिटरली अ पार्किंग लॉट.” भाईने मला मात्र अगदी मागच्या टोकाला उभं केलं आणि विचारलं, “सुकाणू डावीकडे ढकललंस तर बोट कुठे जाईल?”

“उजवीकडे,” मी वैतागून म्हटलं. “आता चहा पाजतोस का?”

तेव्हापासून असले प्रश्न माझ्या मानगुटीवर बसले. मी शाळेत शिकवते. सकाळी सहाला मुलांच्या बसची ड्युटी असली की नेमका फोन. समोरून बोट आली तर कुठल्या बाजूला घेशील? बोगद्यात वेग कमी करायचा की नाही? थांबवताना काय करायचं? त्याने व्हिडिओ पाठवायचे आणि संध्याकाळी विचारायचं, पाहिलास का? “भाई, हे फैजानला विचार, सलीमला विचार, मलाच का?” तर म्हणायचा, “तू सांग ना.” आणि उत्तर बरोबर आलं की खूश होऊन फोन ठेवून द्यायचा. निरोपही नाही.

शेवटचं बोलणं झालं तो जायच्या आधीच्या गुरुवारी. परीक्षा चालू होती, प्रिन्सिपॉलबाई समोर बसल्या होत्या आणि याचे चार फोन. बाहेर येऊन उचलला तर खाटांची व्यवस्था पुन्हा बदलली म्हणून सांगत होता. निघायला तीन आठवडे उरले होते. माझा तोल गेला. म्हटलं, “मला यायचंच नाही. तुझी बोट तुला लखलाभ. खलास.” तो म्हणाला, “बरं... जेवलीस?” मी उत्तर न देता फोन ठेवला. हे मी अजून भाभीला सांगितलेलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी बोट रद्द करायचं काम माझ्याकडे आलं. भाभी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, आणि फैजान बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. मी त्या बाईला फोन लावला, बातमी सांगितली. तिने माझं नाव विचारलं. शहनाज, मी म्हटलं.

“म्हणजे बोट चालवणार होतात त्या तुम्हीच,” ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरी चूक होते आहे. ती म्हणाली, चूक नाही, दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या फॉर्मपासून चालक म्हणून तुमचंच नाव आहे. त्यांनी सांगितलं होतं, मला पाणी सोसत नाही, बोट माझी बहीण चालवणार, ती लहानपणी चालवायची. मग तिने अगदी हळू सांगितलं की शनिवारीही त्यांचा फोन आला होता. बहीण रागावली आहे, येत नाही म्हणते, पण फॉर्मवरून तिचं नाव काढू नका, ती येईल...

शनिवारी. मी फोन आपटला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट नाही, तिसऱ्या दिवशीची. आणि रविवारी तो गेला. फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून रडले, आणि मग मला भयंकर राग आला. सरळ सांगायला काय झालं होतं? ‘शहनाज, तुला पुन्हा सुकाणू धरायला मिळावं म्हणून हे सगळं’, इतकं एक वाक्य! पण आमच्या घरात अशी वाक्यं कुणी बोलत नाही. आमच्या घरात व्हिडिओ पाठवतात आणि पाहिलास का म्हणून विचारतात.

गेल्या शुक्रवारी शारजाला गेले तेव्हा भाभीला त्या बाईचं बोलणं सांगितलं. ती जपमाळ फिरवत ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला माहीत होतं. सांगू नकोस म्हणाले होते.” आणि थोड्या वेळाने, “माझी इद्दत संपली की त्या बाईला फोन कर. पुढच्या उन्हाळ्याची तारीख घे. इन्शाल्ला, पाच जण जाऊ.” मी काही बोलायच्या आत तिने भाईचं कपाट उघडून दाखवलं. खालच्या खणात घड्या घालून ठेवलेले सहा रेनकोट, सगळे एकाच पिवळ्या रंगाचे, प्रत्येकावर कागदी पट्टी आणि त्याच्या तिरक्या अक्षरात नाव. माझा मी घालून पाहिला. बाह्या बोटांच्या खाली चार इंच लोंबत होत्या, खांदे कोपरापर्यंत उतरले होते. सना दारात उभी होती. ती सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसली, आणि मग भाभी, आणि मग मीही.

तो रेनकोट आता माझ्या घरी दाराच्या खिळ्याला आहे. काल सलीम म्हणाला, शिंप्याकडून बाह्या कमी करून आणू का? नको म्हटलं. पण इतका अवाढव्य... मीडियम लागतो, भाई. मीडियम.