आईच्या भाकरीवरचं तूप

लोणी कढल्याचा वास आला की मला तळोद्याच्या घरातली लढाईच्या काळातली ती दुपार आठवते. आईला रक्ताचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी तिचं आजारी रक्त आणि तुलनेसाठी माझं निरोगी रक्त चरबी विरघळवणाऱ्या ईथरच्या दोन बाटल्यांत घालून मुंबईला तपासायला पाठवलं होतं, आणि तिच्या पेशींतली चरबी माझ्यापेक्षा वेगळी असल्याचं पत्र आलं होतं. खाण्याबद्दल पत्रात काहीच नव्हतं, तरी वडिलांनी तुपाची बरणी कपाटात कुलूपबंद केली. आठवडाभर आईने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर कोरडीच गिळली. त्या दुपारी मात्र ती भिंतीला धरून उठली आणि वडिलांपुढे ताट सरकवून म्हणाली, "तूप काढा." वडील पुटपुटले, "डागदरनी चरबी लिखेल शे." ती कडाडली, "ती मन्हा रगतमा शे, बरनीमा नही! मरनंच शे ते कोरडी भाकर खाईसन कसाले मरू?" वडिलांनी कुलूप काढलं. भाकर भिजली, तूप ताटात पसरलं, तरी ती "आखो, आखो" म्हणत अजून मागतच राहिली. आता माझ्याही रक्ताच्या रिपोर्टात चरबी जास्त येते. सून तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवते. मी स्टूल ओढते.