पाचचा चाइम, सकाळी नऊला

या धाग्यावरचे बहुतेक अनुभव मी आजवर चहाबरोबर, चेष्टेखातर वाचलेत. घाटातली पांढरी साडी आली की पुढचं पान... मी मूळचा पुण्याचा, पेशाने सॉफ्टवेअरवाला. लॉग दाखवा, मग बोला, असा स्वभाव. त्यामुळे आज इथे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. पण तीन वर्षं झाली तरी शनिवारी सकाळी नऊ वाजले की मी हातातलं काम टाकून कान देतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जागा – जपानातलं कावासाकी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली छोटं मैदान आणि मैदानाच्या कोपऱ्यात खांबावर वॉर्डाचा भोंगा. जपानात राहणाऱ्यांना सांगायला नको, रोज संध्याकाळी पाचला त्यावर एक सुरावट वाजते. भोंग्याचं खरं काम भूकंपाच्या वेळी सूचना द्यायचं, तो नीट चालतोय ना हे बघायला रोज हे गाणं. आम्ही २०११ च्या भूकंपानंतर दोन वर्षांनी इथे आलो, तेव्हा शेजारच्या आजी तो वाजून संपेपर्यंत हातातलं काम थांबवत. मुलांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ एकच – चाइम वाजला, घरी चला. हे घडलं तेव्हा माझी मुलगी इरा सात वर्षांची. आईच्या दहा हाकांना दाद द्यायची नाही, पण चाइम वाजला की पाचव्या मिनिटाला दारात बूट काढत असायची.

आता मकरंद. हॉस्टेलचा रूममेट, गुहागरचा, सध्या कॅलिफोर्नियात. त्याच्या डोक्यात किडा वळवळला – मेक्सिकोत बाहाच्या किनाऱ्यावर जायचं, कयाकमधून मासे पकडायचे आणि तिथेच वाळूवर तंबू ठोकून पाच दिवस राहायचं. आम्ही दोघांनीच. मी शाकाहारी, मासा ताटात आला तर उठून जाणारा. पण यादी करायची म्हटलं की मला कशाचीही करता येते.

दर शनिवारी सकाळी नऊला आमचा कॉल. त्याच्याकडे तेव्हा शुक्रवारचे संध्याकाळचे पाच. पिण्याचं पाणी, वाळूत टिकतील अशा लांब खुंट्या, बूट झटकून मगच घालायचे कारण विंचू... सगळं शीटवर. इथे रेल्वेत आणि कारखान्यांत एक पद्धत आहे. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने 'योशी' म्हणायचं, म्हणजे 'ठीक आहे'. मी ती मकरंदलाही लावली.

"लाइफ जॅकेट?"

"योशी."

"शिट्टी?"

"योशी रे बाबा. मासे धरायला चाललोय, चंद्रावर नाही."

सप्टेंबरमधल्या एका कॉलवर तो मध्येच थांबला. "तुमच्याकडे मागे काय वाजतंय रे?"

काहीच वाजत नव्हतं. मी म्हटलं, तुझ्याच गल्लीत आईस्क्रीमची गाडी आली असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी इरा माझ्या मांडीवर होती. "कसं वाजतंय, काका?" तिने विचारलं. त्याने दोन ओळी गुणगुणल्या आणि उरलेली सुरावट इराने पुरी केली. "हा तर पाचचा चाइम. तो वाजला की घरी जायचं असतं."

आम्ही तिघंही हसलो. मी मनातल्या मनात कारण शोधलं – कधीतरी संध्याकाळच्या कॉलवर त्याने ऐकला असेल. पण आमचे पाच म्हणजे त्याच्याकडे रात्रीचा एक. तेव्हा आम्ही कधीच बोललो नव्हतो. मी विषय सोडून दिला. आम्हाला खुंट्यांचं ठरवायचं होतं.

ऑक्टोबरमध्ये, निघायच्या दहा दिवस आधी ऑफिसात रिलीज पुढे ढकलला गेला आणि माझी रजा बारगळली. मकरंदला म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. "पुढच्या वर्षी तुझा दुसरा रिलीज असेल," तो म्हणाला आणि एकटा निघाला. किनाऱ्यावर फोनला रेंज नाही. त्याच्याकडे उपग्रहावरून छोटे मेसेज पाठवणारं एक यंत्र होतं. मी रोज वाऱ्याचा अंदाज बघून कळवायचा आणि तो त्यावरून पाण्यात उतरणार, असं ठरलं. गुहागरहून त्याच्या आईचा मला फोन आला होता. "तू बघतोयस ना सगळं? मग मला काळजी नाही."

शुक्रवारी झोपण्याआधी मी फोनवर अंदाज बघितला. जोराचा वारा, शनिवारी सकाळी दहापासून. बोट ठेवून 'योशी' म्हटलं आणि कळवलं – आज दिवसभर निवांत, संध्याकाळीही जा. वारा उद्या दहाला.

शनिवारी सकाळी नऊला पाच कमी असताना इरा खाली खेळायला गेली. कॉल नव्हता, तरी सवयीने मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. तेवढ्यात दार वाजलं. इरा बूट काढत होती.

"का गं, लगेच?"

"चाइमु नात्ता यो," ती म्हणाली. चाइम वाजला ना.

माझी बायको सायली बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, भोंग्याच्या अगदी समोर. तिने काही ऐकलं नव्हतं. मीही नाही. "अगं, पाचला वाजतो तो. आत्ता नऊ..." म्हणता म्हणता लक्षात आलं. मकरंदकडे पाच वाजले होते.

फोनवर अंदाज पुन्हा उघडला. शनिवार, दहा. पण त्याच्याकडे अजून शुक्रवारच होता... फोन मला वेळ जपानची दाखवत होता. म्हणजे वारा त्याच्या उद्या सकाळी नव्हता, त्याच्या आजच्या संध्याकाळी सहाला होता. आणि त्याने कळवलेल्या बेतानुसार तो चारला पाण्यात उतरणार होता, किनाऱ्यापासून लांबच्या खडकापर्यंत जायला. माझ्याच सांगण्यावरून. बोट ठेवून मी सगळं तपासलं होतं, घड्याळ कुठल्या देशाचं तेवढं सोडून.

मेसेज टाकला – आत्ता परत ये, वारा सहाला. 'पाठवला' असं आलं. 'पोचला' काही येईना. पुढचा दीड तास मी कचऱ्यात टाकायच्या बाटल्यांची लेबलं सोलत बसलो. हाताला काहीतरी हवं होतं. सायलीने विचारलं तर म्हटलं, ऑफिसचं टेन्शन आहे. त्याच्या आईला काय सांगायचं, हे एकच वाक्य मी डोक्यात पुन्हा पुन्हा जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं.

दहा चाळीसला उत्तर आलं.

'किनाऱ्यावर आहे. सहाला भयंकर वारा सुटला, तंबू उडाला. पाचला खडकापाशी तुमचा तो चाइम ऐकू आला, स्पष्ट. इराचं आठवून हसू आलं, म्हटलं चला घरी. यंत्र बॅगेत बंद होतं, तुझा मेसेज आत्ता बघितला. अंदाज बदलला का?'

मी लिहिलं – 'हो.'

सोमवारी वॉर्ड ऑफिसात विचारलं. शनिवारी सकाळी भोंगा वाजवलेला नाही, त्यांनी नोंद बघून सांगितलं. मैदानात तेव्हा आणखी दोन मुलं होती, ती खेळतच राहिली होती. इराला पुष्कळ उलटसुलट विचारलं. तिचं एकच, वाजला म्हणजे वाजला. आता ती दहा वर्षांची आहे आणि तिला यातलं काही आठवत नाही. मकरंदला त्यानंतर तो कधी ऐकू आला नाही. वारा, भास, डोक्यात बसलेली चाल... सगळं लावून बघितलं. एकाला लागू होतं, दोघांना एकाच मिनिटाला लागू होत नाही.

मकरंद हा किस्सा पार्ट्यांमध्ये रंगवून सांगतो. जपानच्या भोंग्याने वाचवलं म्हणतो आणि वर माझ्या प्लॅनिंगचं कौतुक करतो. त्याची आई दर दिवाळीला मला आशीर्वाद देते.

भोंग्याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर लिहा, माझ्याकडे अजूनही नाही. पण मकरंद, तू हा धागा वाचतोस, मला माहीत आहे. अंदाज बदलला नव्हता रे.