चौदावी तार

बशीवर कप टेकला की त्याचा सूर ओळखायचा. बोलणाऱ्याकडे डावा कान करायचा आणि मान आखडलीय म्हणून सांगायचा. घराच्या किल्ल्या रोज विसरायचा. सूर जुळवायचा, खिशातला नादकाटा कधीच नाही.

चाळीस वर्षं तो लोकांचे पियानो सुरात लावत होता. गल्लीत त्याला कानसेन म्हणत. उजवा कान गेल्याचं फक्त बायकोला ठाऊक होतं. आता डावाही चाललाय, आधी उंच सूर जातील, असं डॉक्टर म्हणाले. ते त्याने तिलाही सांगितलं नाही.

त्याच वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. सभागृहातला पियानो उघडला, तर तारांमध्ये स्क्रू, रबराचे तुकडे, एक खोडरबर. कुणाचा हा पोरखेळ, म्हणत त्याने सगळं वेचून काढलं. संध्याकाळी संगीतकार बाई आल्या, आत डोकावल्या आणि मटकन खाली बसल्या.

"काका, माझे स्क्रू?"

"तो कचरा? काढला. झाडूनपुसून लख्ख केलाय."

"तारांचा आवाज बदलायला मुद्दाम घातला होता तो कचरा! बसवायला मला दोन दिवस लागले होते!"

तो ओशाळला. "काढले मी, आता बसवतोही मीच."

कुठल्या तारेत काय, याचा नकाशा बाई वाचत गेल्या, तो बसवत गेला. मग त्यांनी वाजवलं. पियानोतून घंटांचे आवाज निघाले, लाकडावर ठोकल्याचे निघाले. चारच सूर, फिरून फिरून तेच, दर फेरीला केसभर सरकलेले. तो उभाच राहिला.

"असलं आणखी कुणी करतं?"

"पुष्कळ वेडे आहेत, काका." त्यांनी सीडींची पिशवीच दिली.

तो अधाशासारखा ऐकत सुटला.

"अहो, अडकलीय का ती? तासभर तेच चाललंय," बायको म्हणाली.

"अडकली नाही. पुढे चाललीय. नीट ऐक."

"कपाळ माझं!"

एका रचनेत वादक एकच सूर छेडतो आणि तो विझेपर्यंत थांबतो. तिथे त्याला कळेना, सूर विझला की आपला कान. पुन्हा लावायचा. पुन्हा. दात होते तेव्हा चणे नव्हते, असं स्वतःशीच म्हणायचा.

बाईंनी नव्या रचनेचा पियानो त्याच्यावरच सोपवला. बावीस तारांत स्क्रू बसवायचे, खर्जापासून वर. एवढं एक तरी या कानाने होऊ दे, म्हणून तो सकाळीच सभागृहात गेला. तेरा तारा झाल्या. चौदावीत स्क्रू बसवला, पट्टी दाबली. काही नाही. स्क्रू सैल केला. काही नाही. तारेवर बोट ठेवलं. तार थरथरत होती.

"काका, काय घंटेसारखी वाजतेय ही!" बाई दारातून ओरडल्या. ते मात्र ऐकू आलं.

"हो का?"

"हो का काय? तुम्हीच तर लावलीत!"

तो हसला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि गेला.

तो परतला नाही, तेव्हा बाई पियानोपाशी आल्या. नकाशावर तेरा खुणा होत्या. चौदाव्या तारेपुढे पेन्सिल टेकवल्याचा नुसता ठिपका. उरलेले आठ स्क्रू रुमालावर ओळीने मांडलेले होते. शेजारी नादकाटा.