भाजीचे पाणी आणि तिचे काळीज

तिथी पंचांगातल्याच देतो. इंग्रजी तारखा ती मानत नसे. पोळ्याची कर: तिच्या पायांवर सूज दिसली. कोजागिरी: मोठ्या डॉक्टरांनी मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे सांगितले. रथसप्तमी: मलकापूर स्टेशनच्या पुलावर ती मध्येच थांबली. होळीची सकाळ: माझी पत्नी गेली.

जबाबदार तीन. पहिले, ते डॉक्टर. दुसरे, आरोग्य खाते. तिसरी ती स्वतः, कारण छातीतली कळ तिने लपवली. या तिसऱ्या आरोपीला मी येथेच दोषमुक्त करतो. तिच्याविरुद्ध मला एकही वाद कधी जिंकता आला नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तप उलटले होते. मी कोर्टात कारकून होतो. डॉक्टरांनी बजावले होते, "भाजी भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या. क्षार निघून जातात." आमच्याकडे अंबाडी अशीच करतात, उकळून, पिळून, आंबट पाणी टाकून. तिने पालक, मेथी, चवळी सगळ्यांनाच अंबाडीचा कायदा लावला. दोनदा उकळायची आणि दोन्ही मुठींनी पिळायची. ताटात उरे तो हिरवा चोथा.

"अहो, हे भाजी हाय का पोतेरं?"

"वैद्यकीय आदेश आहे. पालन झालेच पाहिजे."

"मंग तिले नोटीस धाडा, चव घेऊन हजर व्हा म्हना!"

पाणी निवले की ती ते परसातल्या कढीपत्त्याला घाली. झाड असे माजले की शेजारणी फांद्या मागून नेऊ लागल्या. "सारा कस त्याले, अन् मले चोथा," असे म्हणत ती त्यांना वर कोथिंबीरही देई.

रथसप्तमीला जळगाव जामोदच्या तिच्या माहेराहून परतलो. घर रुळांपलीकडे. पुलाच्या निम्म्यावर ती कठडा धरून उभी राहिली. दुसरा हात छातीवर.

"काय झाले?"

"काई नाई. मालगाडी पाहून राह्यली."

रुळांवर मालगाडी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेऊन मी डॉक्टरांना तिचा दम आणि छातीवरचा हात, दोन्ही सांगितले. ते म्हणाले, "मूत्रपिंडाचा रोगी दमतोच." हृदयाचा आलेख काढला नाही, नाडी पाहिली नाही. होळीच्या सकाळी चुलीपुढे मेथी पिळता पिळता ती भिंतीला टेकली. हृदय थांबले, असे त्याच डॉक्टरांनी सांगितले.

आज माझीच मूत्रपिंडे थकली आहेत. तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितले, "आजोबा, तुमचं होमोसिस्टीन वाढलंय." हा रक्तातला एक घटक. मूत्रपिंडे थकली की तो साचतो, आणि तो वाढलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो. हिरव्या पाल्यातले फॉलिक अ‍ॅसिड त्याला आवरायला मदत करते. पण पाला उकळून पाणी फेकले की त्यातले बरेचसे पाण्यासोबत जाते. मी कढीपत्त्याची हकीकत सांगितली. त्या हसल्या.

मी न्यायाने बोलेन. पाणी फेकण्याची सूचना चुकीची नव्हती. ते क्षारही हृदयाला घातकच. गोळ्या घेऊन होमोसिस्टीन उतरते, पण त्याने हृदय वाचतेच असे सिद्ध झालेले नाही, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. त्या काळी हा घटक इथे कोणाला ठाऊक असण्याचीही अपेक्षा मी धरत नाही. माझी तक्रार एवढीच आहे: छातीवर हात ठेवून उभी राहिलेली बाई सर्वांनी फक्त मूत्रपिंडे समजून तपासली. तिला काळीजही होते. मला ते चांगले ठाऊक आहे. माझ्यासारख्या तक्रारखोर माणसाला तिने त्यातच तर सांभाळले.

डॉक्टर आता हयात नाहीत. खाते आहे. मी जातो त्याच दवाखान्यात मोताळ्याहून येणाऱ्या, मूत्रपिंडे थकलेल्या एका घरच्या सुनेला परवा भाजीची तीच सूचना मिळाली. हृदयाविषयी एक शब्द नाही. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी जाहीर मागणी आहे. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रोग्याला हृदयाच्या धोक्याची समज दिली जाते काय? त्याचे हृदय तपासले जाते काय? उत्तर मला टपालाने नको. वर्तमानपत्रात द्या, म्हणजे ती सूनही वाचेल.