पेरूची तयारी आणि तबूक रस्त्यावरचा पहिला पंप

कुस्कोचे फोटो टाकल्यापासून तुमचे प्रश्न थांबत नाहीत. किती दिवस पुरतात, उंचीचा त्रास होतो का, शाकाहारी माणूस तिकडे जगतो का, बाजार कुठला बघायचा. उत्तरं देते. पण आधीच सांगून ठेवते, आमची पेरूची सहल आखली गेली ती सौदी अरेबियात, लाल समुद्राकाठच्या राबिघमध्ये, रिफायनरीच्या कॉलनीतल्या स्वयंपाकघरात आणि तीही आखाती युद्धाच्या तोंडावर. त्यामुळे पेरूच्या टिपा मिळतील, पण त्यासाठी माझ्याबरोबर थोडं वाळवंटातून यावं लागेल. घाई असेल त्यांनी खुशाल दुसरा ब्लॉग बघावा, मी रागावणार नाही. म्हणजे, फार नाही.

माझा नवरा श्रीधर रिफायनरीत शटडाउनचं नियोजन बघायचा. प्लँट बंद करून दुरुस्ती करायची, तर कोणता नट कोणत्या शिफ्टमध्ये सुटेल हे आधी कागदावर मांडायचं, असं ते काम. घरीही तेच. भाजी आणायला निघाला तरी मनात तक्ता तयार. कुवेतवर हल्ला झाला तेव्हा त्याचा एक ब्रिटिश सहकारी सामान तसंच टाकून मायदेशी गेला. त्याच्या सामानातून आम्हाला एक टोस्टर मिळाला आणि दक्षिण अमेरिकेचं एक जाडजूड प्रवासपुस्तक. टोस्टर पहिल्याच आठवड्यात जळला. पुस्तक मात्र आम्ही उघडलं ते मिटलंच नाही.

जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि बसायचं. तेव्हा आखलेलं आजही लागू आहे, म्हणून लिहून घ्या. पाऊस डिसेंबर ते मार्च, तेव्हा मे ते सप्टेंबर जा. कुस्को फार उंचावर आहे, पोचलात की पहिला दिवस नुसता झोपा, पाणी प्या, तिथे मिळतो तो कोकाच्या पानांचा चहा घ्या. त्याहून बरं म्हणजे विमानतळावरून थेट खाली खोऱ्यात उतरा आणि कुस्को शेवटी ठेवा. माचू पिचू कुस्कोपेक्षा खाली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पिसाकचा बाजार रविवारी गाठा. ओयांताइताम्बोची तटबंदी सकाळी चढा आणि तिथूनच माचू पिचूची रेल्वे पकडा. मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज रस्त्यावर मिळतं, बटाट्यांचे प्रकार तर विचारू नका. शाकाहारी माणूस मजेत जगतो. फाटकी नोट कुणी घेत नाही. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते ताजे बघा, आणि माचू पिचूचं तिकीट हल्ली खूप आधी काढावं लागतं.

जेद्दाच्या ट्रॅव्हल एजंटकडे चौकशीला गेलो, तर तो केरळी गृहस्थ हात जोडून म्हणाला, "मॅडम, पेरू मत जाइये. सेफ नहीं है. उधर बम फूटता है." त्याच्या मागे टीव्हीवर रणगाड्यांच्या रांगा चालल्या होत्या. श्रीधर आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि बाहेर येऊन पोट दुखेपर्यंत हसलो.

पण हे सगळं ज्यासाठी चाललं होतं ते वेगळंच होतं. कंपनीने जाहीर केलं होतं की बायकामुलांना भारतात पाठवायचं असेल तर तिकीट मिळेल. माझं तिकीट आलंसुद्धा. सद्दामला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आली होती, आणि माझं विमान त्याच्या आधीचं. श्रीधर रोज म्हणायचा, "तू नाशिकला गेलेली बरी." मी म्हणायचे, "बघू." मग तो पुस्तक उघडायचा आणि आम्ही पिसाकच्या बाजारात शिरायचो. मला जायचं नव्हतं. पण राहायचं तर त्याने एकदा तरी 'राहा' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो ते म्हणत नव्हता. लग्नाला दोनच वर्षं झालेली, मी मानी, आणि आपण होऊन विचारायला जीभ रेटत नव्हती.

शिफ्टच्या साठलेल्या सुट्ट्या होत्या. विमानाच्या आधी कुठेतरी जाऊन येऊ, असं त्यानेच काढलं. "पेरूची रंगीत तालीम," म्हणाला. अवशेष आणि बाजार दोन्ही हवेत, म्हणजे अल-उला. तिथून जवळ मदाईन सालेह, डोंगर कोरून केलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांचं गाव. तेव्हा तिथे जायला सरकारी परवाना लागायचा, तो श्रीधरने ऑक्टोबरातच मागवून ठेवला होता, आणि गावाबाहेर पडायला कफीलच्या, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर परदेशी माणूस तिथे राहतो त्याच्या, शिक्क्याचं पत्र. आता हे काही लागत नाही, ऑनलाइन तिकीट मिळतं आणि गाइड इंग्रजीत बोलतो, असं ऐकते.

बरोबर दाऊदभाई आणि हमिदाभाभी. दाऊदभाई दापोलीकडचे, राबिघच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. हमिदाभाभी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. श्रीधर आणि मी एकाच कॉलेजातले म्हणून मी नवऱ्याला अरे-तुरे करते, याचं त्यांना भारी नवल. "काय गो बाय, घोवाला अरे म्हणतेस, आनि तो ओ देतो!"

निघताना दोन गाड्या घेतल्या, आमची जुनी कोरोला आणि त्यांचा डाटसन पिकअप. एकाच गाडीने जाणं शक्य नव्हतं, कारण वाटेत मदिना. शहराच्या अलीकडे मोठी पाटी आहे. मुसलमानांनी सरळ, बाकीच्यांनी वळसा घालून बाहेरच्या रस्त्याने. त्या दोघांना मशिदीत नमाज पढायचा होता. फाट्यावर गाड्या थांबवल्या. मदिनेपुढे दोघांनाही उत्तरेला तबूक शहराकडे जाणारा रस्ता धरायचा होता. दाऊदभाई काच खाली करून म्हणाले, "तबूक रस्त्याला लागलात की पयला पंप. तितं थांबा. आमी येतो."

मोबाइल नव्हते, हे तरुण वाचकांना मुद्दाम सांगते.

वळसा लांब, पण रस्ता उत्तम आणि मोकळा. काळ्या दगडांचे डोंगर, मधेच खजुरीची बाग. पंप लागला. पेट्रोल भरलं, ते पाण्याच्या बाटलीहून स्वस्त. शेजारच्या टपरीवर फूल आणि गरम रोटी खाल्ली. फूल म्हणजे घोटलेल्या वालासारख्या दाण्यांची उसळ, वर तेल आणि जिरं. थंडीत फार छान लागते. मग चहा. मग आणखी एक चहा. त्या दोघांचा पत्ता नाही.

टपरीत रेडिओ चालू होता. एकाएकी सगळे ड्रायव्हर उठून त्याच्याभोवती गोळा झाले. अरबी इतकं भरभर होतं की आम्हाला फक्त 'बगदाद' कळलं. समोरून लष्कराचे ट्रक उत्तरेला जाऊ लागले, संपता संपेनात. श्रीधर रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. परत आला. पुन्हा गेला. दोन पाकिटं बिस्किटं घेऊन आला, ती टपावर ठेवली आणि विसरला. मग म्हणाला, "रस्ता बंद केला असेल तर? गाडीला काही झालं असेल तर? त्यांच्यापर्यंत जायची सोयच नाही गं आपल्याला. आत सोडणारच नाहीत." त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ज्या माणसाचा तक्ता कधी चुकत नाही, तो माणूस नखं खात होता.

मी म्हटलं, "दाऊदभाई आपले कोण? शेजारी. त्यांच्यासाठी दोन तासांत तुझी ही गत. मला नाशिकला पाठवून काय करणार आहेस?"

टपावरची बिस्किटं उचलून त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

ऊन कलायला लागलं तेव्हा शहराच्या बाजूने डाटसन आला. दाऊदभाई उतरले ते ओरडतच. "अवो, कुटं होतात? आमी पयल्या पंपावर दुपारपासून बसलाव!"

"हाच पहिला पंप!" श्रीधर म्हणाला.

घोळ असा होता की वळशाचा रस्ता तबूक रस्त्याला जिथे मिळतो, तिथून पहिला पंप हा. पण शहरातून येणाऱ्याला त्याच्या बऱ्याच आधी दुसरा एक लागतो. वीस वर्षं त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या दाऊदभाईंना आमचा रस्ता कधी बघायची वेळच आली नव्हती, आणि आम्हाला त्यांचा. दोन्ही जोडपी आपापल्या पहिल्या पंपावर इमानदारीत बसून एकमेकांच्या काळजीने वाळत होती. हमिदाभाभी गाडीतून उतरल्या आणि माझा हात धरून रडायलाच लागल्या. मग मीही. शेवटी भाभींनी शेरनचा, त्यांच्याकडच्या गोडाचा, डबा उघडला. नारळ, गूळ, वेलची, थेट दापोलीची चव. तुम्ही जाल तेव्हा भेटायची जागा नावानिशी ठरवा, एवढाच धडा.

अल-उलात तेव्हा धड हॉटेल नव्हतं. दाऊदभाईंच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या, खाली भट्टी, त्यामुळे फरशी गरम. सकाळी ताजी रोटी आणि मध. जवळच जुनं गाव, मातीच्या भिंतींचं, नुकतंच रिकामं झालेलं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं खांद्याला खांदा लावूनच चालतील. आम्ही चाललो.

मदाईन सालेहच्या फाटकाशी आलो, तर हमिदाभाभी गाडीतून उतरेनात. "तुमी बगून या. आमी हितंच बसतो."

"आत नाही येणार?"

"नाय गो. ती वस्ती अल्लाच्या कोपानं गेलेली. तितं हौसेनं जायचं नाय, रडत जायचं, असं आमचे मोटे सांगतात. तू जा. तुला काय नाय." मग स्टोव्ह बाहेर काढत त्यांनी सहज विचारलं, "तुजं विमान शनवारचं ना? तो काय म्हनतो?"

"म्हणतो, गेलेली बरी."

"आनि तू?"

"मी काहीच म्हणत नाही."

त्यांनी स्टोव्हला पंप मारला. "मलाही ह्यांनी सांगितलं, जा म्हनून. दुकानाचं काय, ह्यांचं काय, सगळं आयकून घेतलं. मग मी म्हटलं, जाते, पन एकदा माज्याकडं बगून सांगा. तर बगवंना त्यांना." दाऊदभाई पलीकडे टायर तपासत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

आतली थडगी मी वर्णन करत बसणार नाही, फोटो सगळीकडे आहेत. एकाच खडकात कोरलेलं एकटं उभं असलेलं एक आहे, ते चुकवू नका, आणि ऊन उतरताना बघा. श्रीधर दगडाला हात लावून बोलत होता. इंका लोक दगडावर दगड बसवत गेले, इथे वरून खाली खोदत आले, जे नको ते काढून टाकलं. "एक चूक झाली की संपलं, दगड परत चिकटवता येत नाही." मी ऐकत होते, पण लक्ष फाटकाकडे होतं. काल आम्हाला जाता येत नव्हतं तिथे ते गेले होते, आज ते येत नव्हते तिथे आम्ही. बाहेर कुणीतरी आपला चहा गरम ठेवून बसलंय, ही जाणीव फार ऊब देणारी होती. श्रीधरला म्हटलं, "चल, वाट बघत असतील." तोही लगेच निघाला.

दुसऱ्या दिवशी बाजार. जानेवारीत अल-उलाला संत्र्यांचे ढीग, पुदिन्याच्या जुड्या, खजुराचे कातडी बुधले. पिसाकची तालीम म्हणून घासाघीस करायचं काम श्रीधरकडे दिलं. म्हाताऱ्या विक्रेत्याने किंमत सांगितली, श्रीधरने ती जशीच्या तशी दिली आणि वर शुक्रान म्हणून आभारही मानले. म्हाताऱ्यालाच बिचाऱ्याला वाईट वाटलं, त्याने दोन संत्री जास्त टाकली. मी म्हटलं, "पेरूत तू पाकीट माझ्याकडे दे." तो म्हणाला, "देईन." आणि मग दोघांनी विषय संत्र्यांवर नेला. कारण पेरूला कोण कधी जाणार होतं, आणि शनिवार परवावर आला होता.

परतीला मदिनेच्या बाहेर पुन्हा दोन रस्ते झाले, पण या वेळी पंपाचं नाव पाटीवरून वाचून ठेवलं होतं. अंधार पडता पडता राबिघच्या रिफायनरीच्या चिमण्यांचा जाळ दिसला. दाऊदभाईंनी हॉर्न वाजवला आणि ते बाजाराकडे वळले.

घरात आलो. श्रीधरने संत्री टोपलीत काढली, थर्मास धुवायला घेतला. माझी विमानाची बॅग दाराशी भरलेली होती. मी सवयीने पेरूचं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्याने नळ बंद केला. माझ्याकडे वळला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मला नाही जमणार गं. त्या पंपावर कळलं मला. तू तिकडे सुरक्षित असशील हे खरं, आणि तू जावंस हेच शहाणपणाचं. पण मला नाही जमणार. राहशील?"

किती दिवस मी या शब्दाची वाट बघत होते. उत्तर घोकून ठेवलेलं होतं, चांगलं लांबलचक, थोडे टोमणे घालून. त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

पुढे युद्ध झालं. खिडक्यांना पट्ट्या चिकटवल्या, कपाटावर गॅस मास्क ठेवले, आईचे रडके फोन आले. आमच्या राबिघवर काही पडलं नाही. पेरूला जायला आम्हाला पुष्कळ वर्षं लागली, पिसाकला पाकीट माझ्याकडे होतं, आणि सगळं फार सुंदर होतं, जरूर जा. पण कुणी मला आजवरचा सगळ्यात चांगला प्रवास विचारला तर मी अल-उला सांगते, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे घरी परत आल्यावरचं ते स्वयंपाकघर. त्याचा हात अजून ओला होता. मी म्हटलं, "पीठ संपलंय. मी जाणार म्हणून आणलंच नव्हतं. उद्या दोघांपुरतं आण."