स्कीचा अर्धा अष्टविनायक

झालेल्या सहलींचे फोटो साठतात, न झालेल्या सहलींचे किस्से. आमच्याकडे फोटो फारसे नाहीत. किस्से मात्र इतके झालेत, की आइंडहोवनमध्ये कोणाच्याही घरी चहाला बसलं की एखादा निघतोच. हसून झालं की कोणीतरी कप उचलायला उठतं.

सहल एकच होती. मोटारीने ऑस्ट्रियाला जायचं आणि स्की करायची. सुहासने ती चार वर्षं प्लॅन केली. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको अनघा, आणि नंदू-मेधा हे जोडपं त्याच्या मागे होतो. आम्ही तिघे पुरुष एकाच कंपनीत, चिप बनवायच्या मशिन्सवर काम करायचो. तिघांपैकी एकालाही स्की करता येत नव्हतं.

* * *

पहिल्या वर्षी सुहासने एक्सेलमध्ये प्लॅन केला. सहा दिवस, चार गावं! रोज सकाळी बॅगा भरायच्या, पुढच्या डोंगरावर जायचं, बॅगा उतरवायच्या.

"अरे, हा तर स्कीचा अर्धा अष्टविनायक झाला," नंदू म्हणाला.

"मग? एवढं हजार किलोमीटर जायचं आणि एकच डोंगर बघून यायचं?"

हे आम्हा सगळ्यांना पटलं. आपल्याकडे सहल म्हणजे जास्तीत जास्त ठिकाणी कमीत कमी वेळ थांबणं, त्यात कोणाला काही खटकलं नाही. सुहासने कौतुकाने तो तक्ता आमच्या योस नावाच्या डच सहकाऱ्याला दाखवला. योस लहानपणापासून दरवर्षी एकाच गावात, एकाच हॉटेलात जाणारा माणूस. त्याने पेट्रोल पंप पाहिले, जेवणाच्या जागा पाहिल्या, पार्किंगचं पान पाहिलं. मग चष्मा काढून विचारलं, "छान आहे. यात स्की कुठल्या पानावर आहे?"

* * *

सुहासचं सांगायला हवं. त्याचा आणि कीर्तीचा घटस्फोट झाला होता. कीर्ती मुलीला घेऊन अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायची, सुहास इथे. मुलीचं नाव शर्वरी, तेव्हा ती नऊ वर्षांची. ख्रिसमसची सुट्टी आईची आणि फेब्रुवारीतली वसंताची सुट्टी बापाची, असं ठरलेलं होतं. वसंत नुसता नावाला. तो आठवडा इथे वरून चिरचिर पाऊस आणि खालून ओल असाच जातो.

ही सहल त्या आठवड्यासाठी होती. आम्ही बाकीचे सगळे भरतीचे. आम्हा दोघांना मूल नाही आणि नंदूची मुलगी अजून शाळेच्या वयाची नव्हती, त्यामुळे आम्हाला कुठलाही आठवडा चालला असता.

सुहासने हॉटेलं बुक केली, हिवाळी टायर घेतले, रजा टाकली. निघायला दहा दिवस असताना कीर्तीचा फोन आला.

"सुहास, तिची सुट्टी त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे."

या देशात सगळे एकदम रस्त्यावर येऊ नयेत म्हणून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या शाळांना ही सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यात देतात. अ‍ॅमस्टेलव्हीन उत्तरेत, आइंडहोवन दक्षिणेत. सुहासने तारखा पाहिल्या होत्या आमच्या कँटीनमधल्या कॅलेंडरवर! शाळा बुडवून मूल नेलं तर इथे नगरपालिकेचा माणूस दंड घेऊन दारात येतो. आणि तिच्या आठवड्यात चारपैकी एकाही गावात खोली शिल्लक नव्हती.

"मग आपण जाऊन येऊ का?" नंदूने भीत भीत विचारलं.

"जा की," सुहास म्हणाला.

कोणीच गेलं नाही. त्या आठवड्यात सुहास रजा रद्द करून ऑफिसला आला आणि आम्ही त्याच्याशी फक्त कामाचं बोललो.

* * *

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने आम्हाला टायरवर साखळ्या चढवायची प्रॅक्टिस करायला बोलावलं. बर्फात गाडी घसरू नये म्हणून त्या लावाव्या लागतात. जागा होती त्याच्या बिल्डिंगचं पार्किंग. तिथे चढ म्हणजे फक्त फुटपाथची कड.

आम्ही तिघे नॅनोमीटरमध्ये चुका शोधणारी माणसं. पाऊण तासात एक साखळी चढली, तीही उलटी. मेधा मोबाइलवर वेळ मोजत होती आणि दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगत होती. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या डच आजी रेनकोट घालून खाली आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि चार मिनिटांत दुसरं चाक करून मोकळ्या झाल्या. तीस वर्षं ऑस्ट्रियाला जात होत्या म्हणे.

"तुमच्याकडे साखळ्या कोण लावायचं? नवरा?" मेधाने विचारलं.

"छे! तो आत बसून सूचना द्यायचा."

आम्ही सगळे हसलो. आजी हात पुसत म्हणाल्या, "आता सूचना देणारं कोणी नाही. म्हणून जात नाही."

आम्ही दोन्ही साखळ्या काढून डिकीत ठेवल्या.

* * *

त्याच हिवाळ्यात सुहासने इनडोअर हॉलमध्ये स्कीचा क्लास लावला. सपाट देशातले लोक काय करतील? शेडमध्ये उतार बांधतात, त्यावर खोटा बर्फ पाडतात आणि तासावर विकतात. दर शनिवारी हा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहायचा.

"अरे, तिथे गेल्यावर शिकवणारे असतातच की. शरूला ते शिकवतील," मी म्हणालो.

तो एकदम चिडला. "सायकल तिला आईने शिकवली. पोहायला डच बाईने. बापाने काय शिकवलं? एक्सेल? स्की मी शिकवणार. तिला बर्फावर पहिल्यांदा मी उभं करणार!"

मला त्याची दया आली, आणि ती त्याला दिसू नये म्हणून मी लॅपटॉप उघडला.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तो पडला आणि मागून एक सहा वर्षांची मुलगी त्याच्यावर येऊन आदळली. इथले फॅमिली डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉल देतात. सुहासलाही आधी तेच दिलं. तीन दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की कॉलरबोन मोडलंय. त्या वर्षीची सहल तिथेच संपली.

शर्वरीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी त्याच्याकडेच होतो. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्लिश नाहीतर डच.

"बाबा, डझ इट हर्ट?"

"छे गं, अजिबात नाही!"

एवढं म्हणून त्याने कॅमेरा बंद केला आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

* * *

तिसऱ्या वर्षी नंदूला टेक्ससला नोकरी लागली. निरोपाचं जेवण आमच्याकडे होतं. मेधाने शेवटचे म्हणून उकडीचे मोदक केले होते आणि सगळ्यांचे डोळे अधूनमधून भरून येत होते. सुहास मात्र कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला. मेधाने मागून जाऊन पाहिलं. तो तक्त्यातून नंदू-मेधाचा रकाना काढत होता.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "निदान आम्ही जेवून जाईपर्यंत तरी ठेव!"

त्या वर्षी फेब्रुवारीत शर्वरीला ताप आला. तक्ता तसाच राहिला.

* * *

चौथ्या वर्षी आम्ही खरंच गेलो. एक मोटार आणि एकच गाव. सुहास, शर्वरी, अनघा आणि मी. शर्वरी आता बारा वर्षांची होती आणि जवळजवळ बापाच्या खांद्याला लागत होती. जाताना गाडीत ती कानात हेडफोन घालून बसली, सुहास आरशातून तिला पाहत राहिला आणि आम्ही दोघं उगाच हवामानावर बोलत राहिलो.

पहिल्या दिवशी सुहासने तिला सगळ्यात सोप्या उतारावर नेलं. तिथे बालवाडीतली मुलं सरपटत असतात. "गुडघे वाकव, शरू! टोकं आत! पडलीस तरी घाबरू नको, मी आहे!" शर्वरी चार फूट जायची आणि पडायची. तो धडपडत जाऊन तिला दोन्ही हातांनी उठवायचा, पाठीवरचा बर्फ झटकायचा. चार वर्षांत मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरी म्हणाली पोटात दुखतंय, थोडा वेळ रूमवर जाते. अनघा तिच्यासोबत जायला निघाली, तर नको म्हणाली. सुहास डोंगराकडे तोंड करून सूप घेत बसला. मी केबल कारने वर गेलो, नुसता डोंगर बघायला.

वर लाल खुणेचा उतार होता. लाल म्हणजे नवशिक्यांनी फिरकायचं नाही असा. त्यावरून पिवळं हेल्मेट घातलेली एक पोरगी इतकी सुरेख वळणं घेत खाली येत होती, की मी फोटो काढायला मोबाइल काढला. ती माझ्यापाशी येऊन कचकन थांबली. बर्फ माझ्या पायांवर उडाला.

शर्वरी होती.

"कधीपासून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"थ्री इयर्स. एव्हरी ख्रिसमस, विथ मामा अँड बास."

मामा म्हणजे डचमधली आई, आणि बास म्हणजे कीर्तीसोबत राहणारा तिचा डच मित्र. शर्वरीने गॉगल वर केला. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

मग ती मराठीत बोलली. माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा.

"काका, बाबाला सांगू नका ना."

मी मान डोलावली. ती खाली निघून गेली. मी केबल कारने उतरलो आणि अनघालाही काही बोललो नाही.

साडेतीनला ती परत बालवाडीच्या उतारावर उभी होती. पोट बरं झालं होतं. सुहास आणि मी कडेला उभे राहून तिच्याकडे बघत होतो. ती थरथरत निघाली, हात पसरले आणि धपकन पडली.

सुहास लगेच हलला नाही. तिच्याकडेच बघत हळू आवाजात मला म्हणाला, "उद्या तासभर तू तिला वर घेऊन जा. मी म्हटलं तर ती जाणार नाही."

मग हातमोजे नीट करत, "गुडघे, शरू, गुडघे!" असं ओरडत तो तिला उठवायला गेला.